पेटीने ठेवलेलं नाव

शुक्रवारी दुपारी नेमेसियो ओरोस्कोने चौथ्या स्पीकरच्या दोन टोकांना टॉर्चचा सेल टेकवला, कागदाचा नवाकोरा कोन टुणकन बाहेर उडाला, आणि बावन्न वर्षांचा हा बाप्या वर्कशॉपमध्ये एकटाच नाचला. उगाच थोडासा नाही. चांगला कंबर हलवून, हातात पक्कड घेऊन नाचला. कोन बाहेर उडाला म्हणजे तारा बरोबर लागल्या. आता चारही स्पीकर एकदम श्वास घेणार आणि एकदम सोडणार. अकरा वर्षं मुकी पडलेली अल्कारावान बोलणार होती.

अल्कारावान हा खरा तर अंगणात पाळायचा लांब पायांचा पक्षी, परका माणूस दिसला की बोंब ठोकणारा. पण बंदराजवळच्या रेबोलो वस्तीत अल्कारावान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सेन्योर कालिस्तोचा पिको येतो: कपाटाएवढी लाकडी पेटी, पोटात चार पंधरा इंची स्पीकर, डोक्यावर दोन कर्णे, आणि पुढच्या कापडावर भडक रंगांत काढलेला तोच पक्षी, एक पाय वर, चोचीत तुतारी. एके काळी ही पेटी कोपऱ्यावर लागली की चार गल्ल्यांमधल्या भांड्यांना कंप सुटायचा. रेबोलोतली निम्मी लग्नं तिच्यापुढे जुळली, आणि त्यातली बरीचशी तिच्यापुढेच मोडली.

नेमेसियोकडे आली तेव्हा तिची पाठ वाळवीने खाल्ली होती आणि तारा उंदरांनी. एका कोनाला फार पूर्वी कोणाची तरी बाटली लागून भोक पडलं होतं, ते कालिस्तोने सिमेंटच्या पोत्याचा कागद युका कंदाच्या खळीने चिकटवून बुजवलं होतं. बाकीचे कोनही जुन्या छत्रीसारखे ढिले. कर्ण्यांच्या आतली पातळ चकती तर जळून काळी पडलेली. ते गेल्या पन्नास वर्षांत कधी वाजले असतील असं वाटत नव्हतं. नेमेसियोच्या दारावर बापाच्या हातची पाटी आहे, ‘इथे स्पीकर बरे होतात’, आणि त्या पाटीला जागून त्याने तीन महिने खपून सगळं नवं केलं. कोन नवे, कॉइल नव्या, चकत्या नव्या, पाठीला नवं लाकूड. कॉइल मधोमध बसावी म्हणून जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून आजूबाजूला खोचल्या, डिंक वाळेपर्यंत श्वास रोखून बसला.

एवढा जीव ओतायला कारण होतं. रविवारी कालिस्तोच्या लेकीला, दोरिबेलला, पन्नास पूर्ण होत होती. दुपारी तीनला पेटी कोपऱ्यावर लागणार, तिचं गाणं वाजणार. गाणं संपलं की नेमेसियो तिला विचारणार होता. चौथीत असल्यापासून विचारायचं राहून गेलं होतं. मध्ये तिचं एक लग्न झालं, मोडलं, ती शाळेची मुख्याध्यापिका झाली, आणि हा इकडे स्पीकर बरे करत बसला. आपल्या मनातलं कोणालाही ठाऊक नाही, अशी त्याची ठाम समजूत होती.

आता या गाण्याचं सांगायला हवं, कारण घोटाळा तिथेच आहे. दोरिबेल जन्माला यायच्या आठवड्यात कालिस्तोने बंदरावर आफ्रिकेहून आलेल्या एका खलाशाकडून एक तबकडी घेतली, बदल्यात पायातले बूट दिले आणि अनवाणी नाचत घरी आला. आल्या आल्या नाण्याने लेबल खरवडून टाकलं. सगळेच पिकोवाले तसं करत. नाव कळलं तर शेजारचा तीच तबकडी मागवणार, मग तुमची शान काय राहिली? त्यामुळे गाणं कोणाचं, कुठल्या भाषेतलं, काही पत्ता नाही. पण धृपदात गाणारा एकच शब्द आठ वेळा म्हणायचा, आणि पेटीतून तो साऱ्या रेबोलोला ऐकू आला: दोरिबेल. त्याच पहाटे मुलगी झाली. पाद्री म्हणाले, या नावाची संतीण कॅलेंडरात नाही. कालिस्तो म्हणाला, “मग कॅलेंडर अपुरं छापलंय, फादर.” मुलीच्या कपाळावर पाणी पडलं आणि जगातली पहिली दोरिबेल तयार झाली.

“जगातली दुसरी,” असं दोरिबेल स्वतः म्हणायची. पहिली ती, गाण्यातली.

ही तबकडी कुलूपबंद सुटकेसमधून बाहेर सहसा निघत नसे. पण शुक्रवारी दोरिबेलने ती स्वतः आणून दिली होती, एकदा वाजवून बघ म्हणून. नेमेसियोने नाचून झाल्यावर हात धुतले, तबकडी पुसली, सुई टेकवली. बाहेर सावलीत चित्रकार तोबियास पक्ष्याचे उडालेले रंग भरत बसला होता. रेबोलोतली कुठलीही बातमी तोबियासच्या ब्रशला लागली की संध्याकाळपर्यंत वाळून घरोघरी पोचलेली असे.

गिटार आली. काय गिटार होती! पन्नास वर्षं ती जणू पाण्याखालून वाजत होती, आज वर आली. नेमेसियोच्या अंगावर काटा आला. मग तुताऱ्या, ढोल. मग गाणाऱ्याने छाती भरून घेतली आणि धृपद सुरू केलं.

“तोतिपेले!”

नेमेसियोला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“तोतिपेले! तोतिपेले!”

त्याने सुई अशी उचलली की तबकडी वाचली हे नशीबच.

या शब्दाची पहिली दोन अक्षरं या किनाऱ्यावर आया लेकींना न्हाऊ घालताना हळू आवाजात म्हणतात, आणि वात्रट पोरं भिंतीवर लिहितात. बाईच्या देहातल्या कोणत्या जागेचं ते नाव, हे मी लिहिणार नाही. तुम्ही समजदार आहात. उरलेली दोन अक्षरं ऐकली तर कोणी त्या जागेला काहीतरी करायला सांगतोय असं वाटतं. गाणाऱ्या बिचाऱ्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘देवदर्शनाला चला’ असाही असेल. रेबोलोला त्याच्याशी काय कर्तव्य?

“ए कोम्पा, दोस्ता!” बाहेरून तोबियास ओरडला. “बंद का केलंस? आत्ता कुठे माझा पक्षी डोलायला लागला होता!”

“सुई खराब आहे!”

“मला तर झकास ऐकू येत होतं. पण तो गाणारा काय म्हणत होता रे? काहीतरी...”

“काही म्हणत नव्हता! तू पाय रंगव!”

“पाय झाला.”

“मग दुसरा रंगव.”

“दुसरा वर उचललेला आहे. तोही झाला.”

“मग खाली आण तो!”

तोबियास पुटपुटत राहिला. नेमेसियो पेटीला पाठ टेकून जमिनीवर बसला आणि त्याला सगळा उलगडा झाला. फाटक्या कोनांनी आणि मेलेल्या कर्ण्यांनी पन्नास वर्षं त्या गायकाच्या तोंडात बोळा कोंबला होता. पहिल्या त-चा द झाला, दुसऱ्याचा र, प-चा ब, आणि शेवटचा ए वाटेतच गळाला. ज्या नावावर त्याचा जीव होता ते नाव सिमेंटच्या पोत्याने आणि युकाच्या खळीने ठेवलं होतं. आणि त्याने, नेमेसियो ओरोस्कोने, स्वतःच्या हाताने तो बोळा काढला होता.

रेबोलोत टोपणनाव चिकटलं की थडग्यावरही तेच कोरतात. एका मासेवाल्याची चाळीस वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात विजार फाटली होती. त्याच्या नातवंडांनाही आज ‘फाटके’ म्हणतात. रविवारी दोनशे माणसांपुढे हा शब्द सुटा सुटा ऐकू आला, की सोमवारी शाळेच्या भिंतीवर काय लिहिलेलं असेल? आणि मुख्याध्यापिका दोरिबेल, जिच्या नुसत्या चष्मा काढण्याने सातवीचा वर्ग गार पडतो, ती त्या भिंतीपुढून कशी जाणार? आणि मग असल्या स्पीकरवाल्याशी लग्न करणार?

शनिवारी सकाळी तो ब्लेड घेऊन उठला. एक चीर, बस. नव्या कोनासमोर उकिडवा बसला, ब्लेड कागदाला लावलं, आणि त्याचा हात वळेना. स्वतः बसवलेल्या कोनाला चीर देणं त्याला जमणारं नव्हतंच.

मग त्याने दुसरे उद्योग सुरू केले. कर्ण्यांत मोजे कोंबले. सुई टेकवली: “दोतिपेले!” बरं, सुधारणा आहे. पेटीवर गोधडी टाकली: “तोरिपेले!” हे कसं काय, देव जाणे. उशी बांधली: “बोबिबेबे!” गायक बाळ झाला. उशी आणि गोधडी काढली, तीन सदरे आणि आईची जुनी शाल कोंबली: “दोरिपेले!” इतकं जवळ आलं की त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एका प-साठी आणि एका ए-साठी तो गुडघ्यांवर बसून कर्ण्याला विनवायला लागला.

“तू माझ्या गाण्याला अंगरखा का घातलायस?”

दारात दोरिबेल उभी. हातात हिरव्या पानात बांधलेला लिसा माशाचा भात, वास सुटलेला.

“सर्दी,” नेमेसियो म्हणाला.

“कोणाला?”

“दमट आहे ना हवा. स्पीकरला... सर्दी होते.”

“नेमे, मी एकतीस वर्षं सबबी ऐकतेय,” ती म्हणाली. “पोरांच्या बऱ्या असतात.” तिने भात बाकावर ठेवला, शाल ओढून काढली, मग सदरे एकेक करून, मग मोजे, ते मात्र चिमटीत धरून. “लाव.”

“दोरी, ऐक, उद्याच ऐक ना. वाढदिवसाला.”

तिने चष्मा काढला. नेमेसियोने सुई टेकवली.

गिटार आली, तुताऱ्या आल्या, गाणाऱ्याने छाती भरली. नेमेसियोने डोळे मिटून घेतले. आठही वेळा वाजेपर्यंत मिटलेलेच ठेवले.

“परत,” ती म्हणाली.

त्याने परत लावलं. मग तिने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग स्वतःच उठून सुई बाजूला केली आणि उलट्या केलेल्या बादलीवर बसली. त्याने घाईघाईने सगळं सांगून टाकलं, भोक, पोतं, खळ, चकत्या, त आणि द. म्हणाला, “मी आत्ता कोन फाडतो. तू म्हण फक्त.”

“तुला माहितेय,” ती म्हणाली, “मला वाटायचं तिकडे कुठेतरी एक दोरिबेल आहे. खरी. कोणीतरी तिच्यासाठी आठ वेळा ओरडलंय. ज्या दिवशी माझा नवरा बॅग घेऊन गेला ना, त्या दिवशी पेटीवर हे गाणं लावून बसले होते मी. म्हटलं, जाऊ दे, तिच्यासाठी तरी कोणी गातंय. आणि ती नाहीच, नेमे. कधी नव्हतीच.”

नेमेसियोने जमिनीवर पडलेली शाल उचलून तिच्याजवळ ठेवली. म्हणाला, “तू आहेस की.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“तोति...” ती म्हणाली, आणि थांबली. पन्नास वर्षांत हा शब्द तिने कोणा पुरुषापुढे उच्चारला नव्हता. “...पेले,” तिने पुरं केलं, आणि बांध फुटला. हसताना ती बादलीवरून घसरली, जमिनीवर बसली, नेमेसियोच्या आईची शाल तोंडात कोंबली तरी हसू थांबेना. “आणि पप्पांनी... पाद्रीबाबांना... कॅलेंडर अपुरं छापलंय म्हणाले!” नेमेसियोही हसायला लागला. दोघं पेटीला टेकून इतके हसले की भात गार झाला, बरगड्या दुखल्या, आणि बाहेरून जाणारी सरबतवाली डोकावून देवाचं नाव घेऊन निघून गेली.

हसू ओसरल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, “मला कोणी काही म्हटलं तर बघून घेईन मी. पण पप्पा... शहाऐंशी वर्षांचे आहेत, डोळ्यांना दिसत नाही, कान मात्र शाबूत. माझं नाव त्यांनी आयुष्यात केलेली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. त्यांना कळता कामा नये.”

“मग फाडू?”

“हात तर लाव! नीट केलेलं काम मोडायचं नाही. माझ्या शाळेत चालत नाही ते.”

“मग उद्या?”

“उद्याचं उद्या,” दोरिबेल म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. दोघांनी गार भात खाल्ला.

रविवारी तीनला ऊन अजून तापलेलं होतं आणि कोपरा माणसांनी गच्च भरला होता. कालिस्तोला पांढरा सदरा घालून खुर्चीसकट पेटीसमोर आणून बसवलं होतं, अगदी पहिल्या रांगेत. अजून दोन हात पुढे असता तर तो कर्ण्यातच बसला असता. तोबियासने पक्ष्याला ताजा जांभळा आणि पोपटी रंग दिला होता आणि तो प्रत्येकाला सांगत होता की पायावरून त्याचे आणि नेमेसियोचे कसे मतभेद झाले. बायकांनी मक्याचे उकडलेले बोयो आणि बुतिफारा सॉसेज वाटले. दोरिबेल पिवळ्या झग्यात बापाच्या खुर्चीमागे उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

“पोरा,” कालिस्तो म्हणाला, “लाव. माझ्या मुलीला हाक मारू दे पेटीला.”

नेमेसियोने सुई टेकवली. दुसरा हात आवाजाच्या बटणावर ठेवला. धृपद आलं की हळूच कमी करायचा, असं त्याने ठरवलं होतं. त्याचीही त्याला लाज वाटत होती.

गिटार निघाली आणि गर्दीतून “आSSय!” असा एक आवाज उठला. पेटी पूर्वी गरजायची, आता गात होती. म्हाताऱ्या बायकांनी चपला काढून टाकल्या. तुताऱ्या आल्या तेव्हा ज्यांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती तेही उठले. गाणाऱ्याने छाती भरून घेतली. नेमेसियोची बोटं बटणावर वळली. त्याने दोरिबेलकडे पाहिलं. तिने एकदा गर्दीवर नजर फिरवली आणि मान हलवली: नाही. मग अंगठा वर केला: वाढव.

त्याने वाढवलं. डोळे मिटले.

आणि गाणाऱ्याच्या आधी, अर्धा ठेका आधी, दोनशे माणसांनी तोंड उघडलं.

“दोरिबेल! दोरिबेल!”

पोरं ओरडत होती, जिची सगळी बाळंतपणं या पेटीच्या आवाजात झाली ती म्हातारी ओरडत होती, फाटक्यांची नातवंडं ओरडत होती. अकरा वर्षं दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. पेटी आपला शब्द अगदी स्पष्ट, सुटा सुटा, प्रामाणिकपणे म्हणत होती, आणि तो एकाही माणसाला ऐकू जात नव्हता. नेमेसियोने बटण टोकापर्यंत फिरवलं. गल्लीने त्याच्याही वर आवाज चढवला. आठ वेळा. मग दुसऱ्या धृपदाला आठ वेळा. तो डोळे उघडून बघत राहिला आणि त्याला हसू आणि रडू एकदमच आलं. नाव पेटीत नव्हतंच. पन्नास वर्षं ती माणसंच तिला हाक मारत होती.

तोबियास घामाने निथळत त्याच्या गळ्यात पडला. “कोम्पा! काय काम केलंयस! इतकं स्पष्ट कधीच ऐकलं नव्हतं! दो-रि-बेल! अक्षर अन् अक्षर!”

कालिस्तोच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्याने हात मागे करून लेकीचा हात शोधला. “ऐकलंस? म्हटलं होतं ना त्या पाद्र्याला!”

“ऐकलं, पप्पा,” दोरिबेल म्हणाली. “कॅलेंडरच अपुरं होतं.”

गाणं संपलं. लोक “परत! परत!” ओरडायला लागले. नेमेसियोने सुई उचलली, तोंड उघडलं, आणि चौथीपासून पाठ केलेलं वाक्य त्याला आठवेना. दोरिबेल पेटीला वळसा घालून त्याच्याजवळ आली.

“तुला गाणं संपल्यावर काहीतरी विचारायचं होतं ना?”

“तुला कसं कळलं?”

“नेमे, शाळेतल्या शिपायालासुद्धा माहीत आहे. हो.”

“हो म्हणजे?”

“हो म्हणजे हो. पण एक अट. बाहेर मी दोरिबेल. घरात, दार लावून, मला गाण्यातल्या खऱ्या नावाने हाक मारायची.”

नेमेसियोचे कान लालबुंद झाले. “कुठल्या?” त्याने विचारलं, जणू त्याला ठाऊकच नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, चष्मा काढला, त्याच्या कानाला ओठ लावले आणि सांगितलं. आठ वेळा.